बटण दाबण्याआधी

“मशीन म्हणतंय म्हणजे असणारच, मॅडम.”

आज हवाई संरक्षणाच्या सरावाच्या सिम्युलेटरवर ‘शत्रू’ सांगणारी लाल खूण दिसताच त्या तरुण ऑपरेटरने माऱ्यासाठी ‘मंजूर’ दाबलं. ते विमान प्रवासी होतं. लाल खूण आम्ही मुद्दाम चुकीची दिली होती. शेजारच्या रकान्यात विमानाची उंची वाढताना दिसत होती, म्हणजे ते हल्ल्यासाठी खाली येत नव्हतं. त्याची नजर तिकडे गेलीच नाही.

संध्याकाळपासून २३ मार्च २००३ डोक्यातून जात नाहीये. इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेने मोहिमेवरून परतणाऱ्या ब्रिटिश टॉर्नेडो लढाऊ विमानाला शत्रूचं क्षेपणास्त्र ठरवलं. विचार करायला माणसांच्या हाती फारच थोडा वेळ होता. विमानातले दोघेही गेले, मित्रसैन्याच्याच माऱ्यात.

पोरगा हुशार आहे, त्याला दोष देववत नाही. चाचणीत आम्ही मोजतो काय, तर किती सेकंदांत बटण दाबलं! मशीनवर शंका घेणाऱ्याला गुण कधी देणार?