चाळीस दिवसांचे पक्षी

गेल्या एप्रिलमध्ये दादाला टायफॉइड झाला आणि त्याच्या बॉयलर कोंबड्यांच्या शेडवरचा एक लॉट मी काढला. कुडाळपासून आत, आमच्या काजूच्या कडेला, ३ हजार पक्षी. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि कष्ट आपले. शेवटी वजनावर किलोमागे पैसे.

पहिले पंधरा दिवस मला आवडले. भाताच्या तुसावर पिवळी पिल्लं बल्बखाली गोळा होऊन झोपायची. चौथ्या आठवड्यापासून पहाटे दार उघडलं की विष्ठेच्या अमोनियाने डोळ्यांना धार लागे. तूस वरखाली केलं, चुना मारला, तरी तेच. मी बाहेर येऊन श्वास घेऊ शकत होते. त्यांना दुसरी हवाच नव्हती.

पाचव्या आठवड्यात पक्षी दोन पावलं चालून बसायला लागले. छाती इतकी भरलेली की पायांना पेलवेना. आजार नव्हता, जातच तशी निवडून काढलेली, ४० दिवसांत दोन किलोंच्या घरात जाणारी. आमच्या खुराड्यातलं गावठी पिल्लू त्या वयात ओंजळीत मावतं. आई एकदा दाराशी येऊन बघून गेली. "गो, ह्येंका धड चलाकय येणा नाय," एवढंच म्हणाली. दर वर्षी राखणीला, म्हणजे राखणदार देवाला, कोंबडा देणारी, कोंबडी-वडे मनापासून करणारी बाई ती. त्या दिवशी दुपारी जेवली नाही.

मेच्या उकाड्यात एकदा वीज गेली. कोंबडीला घाम येत नाही. चोची उघडून धापा टाकणाऱ्या पक्ष्यांभोवती मी ओली पोती लावत राहिले. दुसऱ्या दिवशी मरीच्या वहीत, म्हणजे मेलेल्या पक्ष्यांच्या नोंदवहीत, ६४ लिहिले.

भीती वाटली ती औषधाची. पाण्यात घालायच्या पुडीवरचं नाव वाचलं, तर अँटिबायोटिक. "आजारी पडायच्या आधीच सगळ्यांना द्यायचं," असं सुपरवायझरने सांगितलं होतं. अशाने औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, आणि ते शेडमध्ये थांबत नाहीत. खतातून शेतात, पावसात व्हाळात जातात. बाकी काही लागू पडेना की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, ते कोलिस्टिन आपल्याकडे कोंबड्यांना दिलं जात होतं. केंद्र सरकारने त्यावर जुलै २०१९मध्ये बंदी घातली. दादाला पहिलं औषध लागू पडलं नव्हतं, दुसरं द्यावं लागलं. त्याचा शेडशी संबंध मी जोडू शकत नाही. पण त्याच्या खाटेशेजारी बसून मला ती पुडीच दिसत होती. विक्रीआधी ठरावीक दिवस औषध बंद ठेवायचं असतं, म्हणजे मांसात अंश राहत नाही. आमची गाडी दोन दिवस आधीच आली.

बॉयलर मी सोडला. राखणीचा कोंबडा खाते. तो काजूखाली उकरत मोठा झालेला असतो. दादाच्या शेडचं कर्ज मात्र अजून तीन वर्षं आहे. परवा नवी पिल्लं आली. औषध आलं की आता तो तीन गोष्टी विचारतो: कशासाठी, किती दिवस, विक्रीआधी किती दिवस बंद. उत्तरं मरीच्या वहीतच लिहून ठेवतो.