प्रोसेसर तेवढा बदलू

शुक्रवार, रात्री

ग्रंथालयाच्या जुन्या मासिकांचा नवा गठ्ठा ओसीआरला, म्हणजे पानांच्या चित्रांतून मजकूर वाचून काढायला, लावला, टास्क मॅनेजर उघडला आणि बघत बसले. प्रोसेसर सतत शंभर टक्क्यांवर. १६ जीबी रॅममधली निम्मीसुद्धा वापरात नाही, एसएसडीला तर जवळजवळ काही कामच नाही. म्हणजे गाडं अडतंय ते प्रोसेसरपाशी. हे डोळ्यांनी बघणं गरजेचं होतं, कारण सगळेजण मशीनच बदल म्हणून मागे लागलेत.

भाचा म्हणतो, "मावशी, २०१८ चा डेस्कटॉप आहे तो, अख्खा नवीन घेऊन टाक." दुकानातही तेच ऐकलं, "ताई, मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर, पूर्ण सेट बदला, झंझट नको." दोघंही चांगल्या मनानं सांगतात. पण चालत्या वस्तू काढून टाकायला माझं मन घेत नाही, आणि हिशोबही घेत नाही.

शेजारच्या काकांचं मशीन असंच "फार हळू झालंय" म्हणून माझ्याकडे आलं होतं. त्यात प्रोसेसरचा काही दोष नव्हता, विंडोज जुन्या हार्ड डिस्कवर होतं. एसएसडी लावली आणि काकांचं काम भागलं. माझ्याकडे एसएसडी आधीपासून आहे, त्यामुळे तो उपाय इथे संपलेला. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमनं देवनागरी पानं वाचायची म्हणजे निव्वळ आकडेमोड. एका वेळी अनेक पानं सोडली की प्रोसेसरमध्ये जितके कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, तितका फायदा. ग्राफिक्स कार्ड कितीही भारी घेतलं तरी या कामाला त्याचा उपयोग नाही.

शनिवार

माझा रायझन ५ १६००, सहा कोअरचा, २०१७ चा. मदरबोर्ड बी३५० चा, त्यावर प्रोसेसर बसतो ते सॉकेट एएम४. हे सॉकेट निवडलं गेलं हे माझं नशीबच म्हणायचं. एएमडीनं ते इतकी वर्षं चालवलं की २०२२ मध्ये ५००० मालिकेचे प्रोसेसरही या जुन्या बोर्डांवर चालतील अशी अधिकृत सोय झाली. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीवाल्यांना हे सुख मिळालं नाही. आठव्या पिढीचं सॉकेट नावाला तेच, ११५१, पण जुन्या बोर्डावर ती चालत नाही. माझं मशीन तसलं असतं तर मीही दुकानदाराचं ऐकलं असतं.

रायझन ७ ५७००एक्स घ्यायचं ठरवलं. आठ कोअर, एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ ऐवजी ३२ एमबी, आणि वीज तीच, ६५ वॉट वर्गातली. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बोर्डावरचे वीज देणारे भाग साधे आहेत, त्यांच्यावर १०५ वॉटचा प्रोसेसर लादायला मी तयार नाही. विंडोजचाही प्रश्न होताच. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत १६०० नाही. ५७००एक्स आहे.

आणि सेट बदलायचा म्हटलं तर एएमडीचं पुढचं सॉकेट एएम५, आणि त्याला डीडीआर५ रॅमच लागते. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून रॅमचे भाव कुठच्या कुठे गेलेत. घरात १६ जीबी धडधाकट डीडीआर४ असताना ती कपाटात टाकून महागडी रॅम विकत घ्यायची, हे मला पटूच शकत नाही.

एक खर्च मात्र वाढवला. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, नवा घेतला. प्रोसेसर सहसा मरत नाही, त्याला वीज पुरवणारे कपॅसिटर आधी थकतात. आमच्याकडे साताऱ्यात पावसाळ्यात लाइट जाते-येते, दाब वर-खाली होतो, ते सगळं इतकी वर्षं त्या डब्यानंच सोसलंय. लोक चकचकीत प्रोसेसर घेतात आणि एसएमपीएस जुनाच ठेवतात, तेव्हा मला खरंच काळजी वाटते.

रविवार

सकाळी सगळ्यात आधी बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरचा प्रोग्रॅम) अपडेट, आणि तोही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. आधीच नवा बसवला तर जुन्या बायोसला तो ओळखू येत नाही आणि स्क्रीनच येत नाही. यूपीएसची बॅटरी तपासून मगच हात लावला, मध्येच लाइट गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवली, कारण प्रोसेसर बदलला की त्याच्यातला टीपीएम, म्हणजे कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारा भाग, बदलतो आणि विंडोज ती की मागतं.

मग मशीन थोडा वेळ राबवून गरम केलं. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट मऊ पडली की कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळून सुटतो. थंड असताना सरळ वर ओढला तर एएम४ मध्ये प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, आणि तेराशेवर पिना त्याच्याच पोटाला असतात. एक वाकली तरी सुईनं सरळ करत बसायचं. आमचा सुखरूप सुटला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून नवा ठेवला, तो आपल्या वजनानंच बसला, दाबावा लागला नाही. ५७००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही, म्हणून १६०० चाच साफ करून, नवी पेस्ट लावून बसवला.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळी होती. रॅम जुळवून घेत असते, वाट बघायची. मग टीपीएम नव्यानं सुरू करायचा का असा प्रश्न आला, रिकव्हरी की हाताशी होती म्हणून निर्धास्तपणे वाय (हो) दाबलं. रॅमचा वेग बायोसमध्ये परत लावावा लागला. जी रॅम जुन्या प्रोसेसरवर ३२०० ला टिकतच नव्हती, ती आता त्याच वेगानं बिनतक्रार चालतेय.

संध्याकाळी शुक्रवारचाच गठ्ठा पुन्हा लावला. निम्म्याच्या आसपास वेळात संपला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. या अंकांचे कागद हातात धरले तरी तुटतात, ते जितक्या लवकर शोधता येण्यासारखे होतील तितकं बरं.

आता काढलेल्या १६०० चं काय करायचं? तो उत्तम चालतो. ग्रंथालयातल्या नोंदणीच्या मशीनचा बोर्डही एएम४ चा असावा असं वाटतंय. तसं असेल तर तिथे बसवता येईल, फक्त १६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे माझ्याकडे पडून असलेलं जीटी ७१० कार्डही सोबत द्यावं लागेल. उद्या जाताना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जाते, कॅबिनेट उघडून बोर्डाचं नाव बघते.