मावशीच्या गोधडीतून आलेले ढेकूण

जूनमध्ये मावशीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिच्याजवळ राहायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून परळच्या चाळीतल्या तिच्या खोलीत मी आठ दिवस होते. निघताना तिने स्वतः शिवलेली गोधडी माझ्या पिशवीत कोंबली. "पावसाळ्यात पोरीला होईल," म्हणाली. डोंबिवलीला आल्या आल्या मी ती तशीच लेकीच्या अंगावर घातली.

बारा-तेरा दिवसांनी लेकीच्या दंडावर एका ओळीत चार लाल गांधी उठल्या. डास, घामोळं, नवा साबण, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. आम्ही तिघं एकाच खोलीत शेजारी शेजारी झोपतो आणि नवऱ्याच्या अंगावर काहीच नव्हतं, त्यामुळे ढेकूण मनातही आला नाही. पण ढेकणाचा चावा सगळ्यांच्या अंगावर उठत नाही. एका पहाटे चार वाजता ती खाजवत उठली. मी बॅटरी मारली, तर उशीजवळ मसुराच्या दाण्याएवढा तपकिरी किडा लगबगीने गादीच्या शिवणीत शिरत होता. तो चिरडल्यावर आलेला उग्र वास मी लहानपणापासून ओळखते.

पुढचे तीन आठवडे मी लाजेपायी वाया घालवले. शेजारी, कामवाल्या ताई, कुणालाच सांगितलं नाही. दुकानातून झुरळांचा स्प्रे आणून मारला, लेकीला बाहेरच्या खोलीत झोपवलं. दोन्ही चुका. स्प्रेने वर दिसणारे मेले, आतले फटीफटीत पांगले. शिवाय ढेकूण आपल्या श्वासाचा आणि अंगाच्या उबेचा माग काढत येतो. आठवड्याभरात ते बाहेरच्या सोफ्यातही सापडले.

ओळखीच्या एकाने धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या खोलीत ठेवून दार लावून घ्यायला सांगितलं. कृपा करून हे कुणीही करू नका. हवेतल्या ओलाव्याने त्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो माणसाचा जीव घेतो आणि शेजारच्या घरातही पोचतो.

शेवटी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. दोन फवारण्यांचे 2,400 रुपये ठरले. फवारणीने अंडी मरतीलच असं नाही, ती साधारण आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दुसरी फवारणी पंधरा दिवसांनी. त्याने बजावलं, "ताई, झोपायची जागा बदलू नका. तुम्ही तिथे असलात तरच ते औषधावरून चालत येतील." लेकीला त्याच पलंगावर परत झोपवताना माझ्या पोटात तुटत होतं.

पण फवारणीपेक्षा मेहनत आधीची. पलंगाचे स्क्रू काढून फळ्या सुट्या केल्या. सांध्यासांध्यात काळे ठिपके होते, शाईचं पेन टेकवल्यासारखे. ती त्यांची विष्ठा. जुन्या एटीएम कार्डाने फटी खरवडल्या, किटलीने उकळतं पाणी ओतलं, फळ्या दोन दिवस पंख्याखाली वाळवल्या. ऐन आषाढात गाद्यांना ऊन कुठून दाखवणार? त्या जाड प्लास्टिकमध्ये घालून तोंडं चिकटपट्टीने बंद केली. कपडे मशीनमध्ये 60 अंशांवर धुतले आणि काठांवरून, शिवणींवरून कडक इस्त्री फिरवली. जे धुता येत नव्हतं ते काळ्या पिशव्यांत बांधून वेगळं ठेवलं.

गोधडी टाकून दे, असं सगळे म्हणाले. मी ती उलगडून खिडकीपाशी बसले. जुन्या नऊवारींचे सात थर, त्यावर मावशीचा बारीक धावदोरा. दोऱ्याच्या कडेकडेने खसखशीएवढी पांढरट अंडी चिकटलेली. ती सगळी वेचणं शक्यच नव्हतं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून गोधडी त्यात तासभर बुडवून ठेवली, असं तीनदा केलं. लाल रंग थोडा उतरला, टाका एकही सुटला नाही.

मावशीला सांगणं मात्र मी टाळत होते. तिच्या घराला नाव ठेवल्यासारखं होईल असं वाटायचं. पण तिच्या खोलीत ढेकूण राहिले तर ती रोज रात्री चावे सोसणार, आणि पुढच्या फेरीला ते पुन्हा आमच्याकडे येणार. एका संध्याकाळी फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, पट्टी निघाल्यापासून भिंतीवर काळे ठिपके दिसतायत. मला वाटलं रंग खराब झालाय. आधी दिसतच नव्हतं गं काही." मला इतकं वाईट वाटलं. तिच्या खोलीत आठ दिवस राहून डोळे शाबूत असलेल्या मीही ते ठिपके पाहिले नव्हते.

चाळीत एकच खोली फवारून उपयोग नाही. भिंतीच्या भेगांतून, वायरच्या पट्टीमागून ते पलीकडे जातात. मावशीला शेजाऱ्यांची भीती होती, म्हणून दोन्ही बाजूंच्या बिऱ्हाडांत मीच जाऊन बोलले. एका बाजूच्या काकू लगेच म्हणाल्या, "आमच्याकडेही आहेत. म्हटलं, आपणच कसं सांगायचं." तिन्ही खोल्यांची फवारणी एकाच दिवशी ठरली.

आमच्याकडे शेवटचा ढेकूण 9 ऑगस्टला दिसला. तरी दर रविवारी गादीचे कोपरे बॅटरीने बघते, कारण काही न खाताही ते महिनोन्‌महिने जगतात. मावशीकडची दुसरी फवारणी या रविवारी आहे. मी शनिवारीच जातेय. कपडे बंद पिशवीत नेणार, आणि परतल्यावर ती पिशवी दारातून थेट मशीनमध्ये.