तिसरीचा वर्ग आणि दोन तक्ते

आज सकाळी छत्रपती संभाजीनगरातील आमच्या महापालिकेच्या शाळेत तिसरीची वाचनचाचणी घेतली आणि दुपारनंतर त्याच मुलांची माहिती यू-डायस प्लसवर (शाळा व विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर) भरत बसलो, त्यामुळे दोन्ही तक्ते प्रथमच एकमेकांशेजारी पाहता आले. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झाले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, ही त्याची अपेक्षा आहे. अपेक्षा रास्तच आहे. परंतु परिच्छेदावर अडलेल्या मुलांची नावे दुसऱ्या तक्त्यात शोधली, तेव्हा त्यांतील बहुतेकांचे पालक वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर किंवा बांधकामावर असल्याचे माझ्या लक्षात आले. काही घरे तर बीड, जालन्याकडून ऊसतोड सोडून शहरात आलेली आहेत.

जात, धर्म, अपंगत्व यांची नोंद तक्त्यात होते. मात्र या वर्षी मुलाने किती वेळा घर बदलले, हे लिहायला जागा नाही. घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणारी एक मुलगी परिच्छेद वाचताना अडखळली, पण तोच मजकूर मी वाचून दाखवल्यावर तिने सगळी उत्तरे बरोबर दिली. चाचणीच्या नियमाप्रमाणे ती ‘अक्षर-शब्द’ स्तरावरच राहिली. (तोंडी हिशेबात तिने मलाही मागे टाकले, ही गोष्ट वेगळी.)

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि कागदावर आमचे प्रमाण त्याच्या जवळपास आहे. आज मात्र एक सहकारी निवडणुकीच्या कामावर असल्याने चाचणी चालू असताना दुसरीचा वर्गही मीच सांभाळला.