लकी लूजरच्या यादीतली सही

८–१०. टेनिसच्या क्वालिफाइंगची, म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरण्यासाठीच्या पात्रता सामन्यांची, शेवटची फेरी मी अशी हरलो. आयटीएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ. त्याच्या १५ हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धेत क्वालिफाइंगला पूर्ण तिसरा सेट नसतो. दोघांचा एकेक सेट झाला की दहा गुणांचा टायब्रेक. ८–७ अशी आघाडी माझी, सर्व्हिसही माझी, आणि डबल फॉल्ट झाला, म्हणजे दोन्ही सर्व्ह चुकल्या आणि गुण त्याला गेला. पुढचे दोन्ही गुण त्याने घेतले.

बॅग भरून निघालोच होतो. तेवढ्यात माझ्याहून बऱ्याच वर्षांनी मोठ्या एका खेळाडूने हटकलं, "सही केलीस का?"

क्वालिफाइंगच्या शेवटच्या फेरीत हरलेल्यांना लकी लूजर म्हणून मुख्य ड्रॉमध्ये जागा मिळू शकते. पहिल्या फेरीआधी कुणी माघार घेतली, तरच. त्यासाठी दिवसाची पहिली मॅच सुरू होण्याच्या किमान अर्धा तास आधी रेफ्रीकडे सही करावी लागते आणि नाव पुकारल्यावर पाच मिनिटांत खेळायला तयार असावं लागतं. २०१७ मध्ये रशियाच्या आंद्रे रुबलेव्हने क्रोएशियातल्या उमागची स्पर्धा लकी लूजर म्हणूनच जिंकली होती, हे मला ठाऊक होतं. पण ती वाट आपल्यालाही घ्यावी लागेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

त्या पाच मिनिटांपायी दिवसभर काहीच धड करता येत नाही. पोटभर जेवायचं नाही, अंग थंड पडू द्यायचं नाही, बूट काढायचे नाहीत. पण या सगळ्याहून जड गेलं ते मनात येणारं. कुणी खांदा चोळताना दिसला की आशा वाटायची, आणि लगेच स्वतःची लाज वाटायची. कारण हीच मुलं सकाळी माझ्याबरोबर सराव करायची, आपले चेंडू मला वापरायला द्यायची.

पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सही केली. दुपारी एकाच्या पोटाचा स्नायू सर्व्हिसचा सराव करताना दुखावला. रेफ्रीला सांगून तो थेट माझ्याकडे आला आणि म्हणाला, "जा, तुझं नाव पुकारतील आता."

मॅच अडीच तास चालली. पहिला सेट मी गमावला, दुसरा टायब्रेकमध्ये घेतला. तिसऱ्यात ५–४ वर सर्व्हिस पुन्हा माझ्याकडे आली आणि तो डबल फॉल्ट आठवला. या वेळी दुसरी सर्व्ह जपून टाकली नाही, उलट जास्त टॉपस्पिन देऊन जोरात मारली. मॅच पॉइंटला त्याचा रिटर्न बाहेर गेला. ३२ जणांच्या त्या ड्रॉमध्ये पहिली फेरी जिंकल्याचा एक एटीपी गुण, म्हणजे जागतिक क्रमवारीत धरला जाणारा गुण, मिळतो. माझ्या आयुष्यातला तो पहिलाच.

दुसऱ्या फेरीत मला ६–२, ६–१ अशी हार पत्करावी लागली. माघार घेतलेल्या त्या मुलाला मी संध्याकाळी कळवलं, एक गुण मिळाला. त्याचं उत्तर लगेच आलं, "तिसऱ्या सेटचा स्कोअर काय होता?"