नाओमीचं गाणं

दर मंगळवारी संध्याकाळी आमच्या इथे, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीजवळ, पंधरा-वीस माणसं गोल करून बसतात आणि जुनी गाणी वाजवतात. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बॅन्जो, गिटार, कधी एखादा मँडोलिन. स्टेज नाही, तिकीट नाही. सुरुवातीला मी नुसती ऐकायला जायची. तिथे एक सत्तरी उलटलेले गृहस्थ येतात. एकदा त्यांनी डोळे मिटून, बॅन्जो अगदी हळू छेडत एक गाणं म्हटलं. चाल इतकी गोड होती की पहिली तीन-चार कडवी मला ती अंगाईच वाटली. मग शब्द कानात शिरू लागले. एक मुलगा एका मुलीला झऱ्यापाशी बोलावतो. पैसे देईन, चांगल्याचुंगल्या वस्तू देईन, लग्न करीन म्हणतो. तिला घोड्यावर मागे बसवून नदीकडे नेतो आणि तिथे सांगतो, तुला बुडवणार आहे. ती विनवण्या करते. लग्न नको करूस, मी भीक मागून जगेन, पण जिवंत सोड. तो तिला जवळ घेतो, तिचा मुका घेतो आणि पाण्यात लोटून देतो.

गाणं संपलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणीतरी फिडल जुळवायला घेतलं.

मी त्या गृहस्थांना विचारलं, हे कोणी रचलं? ते म्हणाले, "कोणी रचलं ते सांगता यायचं नाही. पण मुलगी खरी आहे. नदीही खरी आहे, इथून सव्वा तासावर. जाऊन ये."

त्या मुलीचं नाव नाओमी वाइज. गाण्यात तिला लाडाने ओमी म्हणतात. १८०८च्या सुमारास रँडॉल्फ काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा), आजच्या रँडलमन गावाजवळ डीप रिव्हर नावाच्या नदीत ती बुडून मेली. जोनाथन लुईस नावाच्या तरुणाला त्यासाठी पकडलं. तो तुरुंगातून पळाला, काही वर्षांनी पुन्हा सापडला, पण खुनाची शिक्षा त्याला कधीच झाली नाही. कोर्टाने जे म्हटलं नाही ते गाणं दोनशे वर्षं म्हणत आलं आहे: हिला यानेच मारलं.

अशा गाण्यांना इथे मर्डर बॅलड म्हणतात. आपल्या पोवाड्यासारखं हे कथा सांगणारं गाणं, पण वीराचं नाही. बहुतेकदा त्यात एक मुलगी असते, तिच्यावर प्रेम करतो म्हणणारा एक पुरुष असतो आणि एक नदी असते. स्कॉटलंड, इंग्लंड, आयर्लंडहून आलेल्या लोकांनी अ‍ॅपलाचियन डोंगरांत येताना ही गाणी आणली. १९१६ ते १९१८ या काळात सेसिल शार्प हा इंग्रज संग्राहक मॉड कार्पेलिस या सहकारी बाईंबरोबर याच डोंगरांत हिंडला आणि लोकांच्या तोंडून शेकडो गाणी उतरवून घेतली. इंग्लंडमध्ये विरत चाललेलं बरंच काही त्याला इथल्या घरांच्या ओसऱ्यांवर सापडलं. गाणी आली ती इथल्या मातीत मिसळली. इंग्लंडमधल्या बर्कशरच्या एका खुनावरचं अठराव्या शतकातलं गाणं आयर्लंडच्या वेक्सफर्डचं झालं आणि इथे येऊन टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचं. नदी बदलली, गावाचं नाव बदललं, मुलगी मात्र प्रत्येक ठिकाणी मेलीच.

नाओमीचं गाणं तसं नाही, ते इथलंच आहे. म्हणून एका रविवारी मी आणि नवरा रँडलमनला गेलो. ऑक्टोबर होता, झाडं पेटल्यासारखी लाल झालेली. गावात तिच्या नावाच्या खुणा आहेत. नदीच्या त्या भागाला नाओमी फॉल्स म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे जी कापडगिरणी उभी राहिली तिलाही तेच नाव दिलं होतं. बुडवलेल्या मुलीचं नाव गिरणीला! मला ते आधी विचित्र वाटलं. नंतर वाटलं, गावाने तिला निदान हाक मारणं तरी थांबवलं नाही. जवळच्या प्रॉव्हिडन्सच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या लोकांच्या दफनभूमीत तिची कबर आहे. आम्ही तिथे बराच वेळ उभे होतो. नवऱ्याने खाली पडलेलं एक मेपलचं पान उचलून दगडावर ठेवलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

घरी येऊन मी वाचत गेले आणि गाण्यातली नाओमी हळूहळू बदलत गेली. १८५१मध्ये ब्रॅक्स्टन क्रेव्हन या शिक्षकाने तिची कथा छापली. तीत ती एकोणीस वर्षांची, निष्पाप, अनाथ मुलगी आहे, अ‍ॅडम्स कुटुंबाकडे कामाला असलेली. गाण्यातला झरा अ‍ॅडम्सचा आहे, तो यामुळेच. पण मेरी वुडी नावाच्या त्याच भागातल्या बाईने एका वहीत लिहून ठेवलेली एक जुनी कविता आहे, तीत चित्र वेगळं दिसतं. त्या नाओमीला आधीची दोन मुलं आहेत आणि लुईसपासून तिसऱ्यांदा दिवस गेले आहेत. त्या काळी तिथला कायदा असा होता की लग्नाविना गरोदर राहिलेल्या बाईने शपथेवर बापाचं नाव सांगितलं, तर त्याला मुलाच्या पोटापाण्यासाठी काउंटीकडे हमी द्यावी लागे. म्हणजे तिच्या तोंडातून निघणारं नाव हीच त्याची भीती होती. हे वाचल्यावर गाण्यातलं ते विनवणीचं कडवं मला नीट ऐकू आलं. मी लांब जाईन, भीक मागेन, म्हणजेच नाव घेणार नाही. ती नेमकं तेच कबूल करते आहे जे त्याला हवं होतं, आणि तरीही तो तिला सोडत नाही.

शनिवारवाड्यातलं 'काका, मला वाचवा' आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या हाकेत जे आहे तेच या कडव्यात आहे. मारेकऱ्याची कारणं काळाबरोबर पुसट होतात, पण विनवणी तशीच कानात राहते.

सगळीच गाणी एवढी न्यायी नाहीत. इथल्या सर्वांत गाजलेल्या मर्डर बॅलडमध्ये मारणाऱ्याचं नाव आहे, मेलेलीचं नाही. टॉम डुला हा यादवी युद्धातून परतलेला सैनिक. विल्क्स काउंटीत १८६६ साली लॉरा फॉस्टर नावाच्या मुलीचा खून झाला आणि त्यासाठी १ मे १८६८ रोजी स्टेट्सव्हिलला त्याला फाशी दिलं. तिकडच्या बोलीत डुलाचं डूली झालं. १९५८मध्ये किंग्स्टन ट्रिओ या गायक-त्रिकुटाने त्याचं गाणं गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. लाखो लोकांनी टॉमसाठी मान खाली घालून हळहळ व्यक्त केली. त्या रेकॉर्डमध्ये लॉराचं नाव एकदाही येत नाही. मला हे खुपतं. आणि सेंट लुईसची फ्रँकी बेकर? १८९९मध्ये तिच्या हातून तिचा मित्र गोळी लागून मेला. स्वसंरक्षण म्हणून कोर्टाने तिला निर्दोष सोडलं. पण त्या घटनेवर रचलेल्या गाण्याने तिला सोडलं नाही. ती शहर सोडून गेली, तरी गाणं तिच्या मागोमाग पोचलं. बदनामीबद्दल तिने एका चित्रपट कंपनीवर खटला भरला, तो ती हरली. १९५२मध्ये ती ओरेगनात वारली. जिवंत माणसाला गाणं किती दुखवू शकतं हे तिच्यामुळे कळतं.

मंगळवारच्या बैठकीत एक विशीतली फिडल वाजवणारी मुलगी आहे. नॉक्सव्हिलचं गाणं कोणी सुरू केलं की ती फिडल मांडीवर ठेवते. कारण त्यात मारणाऱ्याच्याच तोंडून सगळी कथा आहे, मुलीला नाव नाही आणि का मारलं याचं एक अक्षर नाही. तिच्याशी कोणी वाद घालत नाही. मला ती बरोबर वाटते, आणि गाणारे चूक आहेत असंही मला म्हणता येत नाही. ते गाताना चेहऱ्यावरची रेघही हलू देत नाहीत. आवाज चढवत नाहीत, रडत नाहीत. सगळी कडवी एकाच चालीत, एकामागून एक. असं सपाट गायलं की ऐकणाऱ्याला सुटायला वाट राहत नाही. कोणी आपल्या वतीने रडत नाही, तेव्हा ते आपल्यालाच करावं लागतं. ही गाणी अजून का म्हटली जातात, याचं मला सापडलेलं उत्तर हेच आहे.

मी आता ओमीचं गाणं शिकले आहे. लोकगायक डॉक वॉटसन यांनी १९६४च्या रेकॉर्डवर ते ज्या शांतपणे म्हटलंय तसं मला येत नाही, पण शब्द पाठ आहेत. दोन मुलगे मासे धरायला जातात आणि त्यांना ती तरंगताना दिसते, त्या कडव्यापाशी मला दर वेळी आजोळची विहीर आठवते.

मी सहा-सात वर्षांची असताना तिथल्या एका घरातली सून विहिरीत गेली. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. पोलीस आले, चहा पिऊन गेले. आजी आणि शेजारच्या बायका कित्येक महिने त्या विहिरीचं पाणी प्यायला घेत नव्हत्या, लांबच्या आडावर जायच्या. घसरलेल्या पायासाठी कोणी पाणी टाकत नाही, हे मला फार उशिरा समजलं. पण मोठ्याने कोणीच काही बोललं नाही. गाणं तर दूरच. तिचा उल्लेख 'विहिरीतली सून' असाच व्हायचा.

मागच्या आठवड्यात गाण्याहून घरी आले आणि आईला फोन लावला. तिकडे सकाळ होती, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"आई, आजोळच्या त्या विहिरीतल्या सुनेचं नाव काय होतं गं?"

आई थोडा वेळ गप्प राहिली. "आम्ही तिला वहिनीच म्हणायचो. थांब, मामीला विचारते."

रात्री तिचा फोन आला. मामीला नाव आठवलं होतं, पण ते सासरी ठेवलेलं. लग्नात बदललेलं. माहेरचं नाव काय होतं, ते मामीने गावात चार घरी विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं.