पेट्रोल कुठे मुरतंय? चेतक घेऊन पुणे, वाई, पाचगणी

बाबांची बजाज चेतक स्कूटर १९९७ ची, टू-स्ट्रोक, हाताच्या गिअरची. पेट्रोल भरलं की बाबा डिकीतल्या डायरीत तारीख, किलोमीटर आणि लिटर लिहितात. आम्ही घरचे त्यावर यथेच्छ हसलो आहोत. मात्र या डिसेंबरात तीच डायरी माझ्यासमोर आपटून ते म्हणाले, "हे बघ. २०१८ साली ४३ देत होती. आता ३१."

मी नेहमीचं उत्तर दिलं, की पेट्रोलमध्ये इथेनॉल आलंय, गाडीचं वय झालंय, चालायचंच. बाबांनी लगेच हिशोब मांडला. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. ते २० टक्के मिसळलं तर एकूण तूट सहा-सात टक्क्यांची, म्हणजे ४३ चे ४० व्हायला हवेत. "वरचे नऊ किलोमीटर कोण पितंय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडे दोनदा गाडी टाकून झाली होती. त्याने दोन्ही वेळा "सर्व्हिसिंग केलंय, ब्रेकही टाइट केलेत" म्हणून पैसे घेतले होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शहरात ॲव्हरेज मोजण्यात अर्थ नसतो. सिंहगड रोडवर एका दिवशी पंधरा सिग्नल लागतात, दुसऱ्या दिवशी आठ. म्हणून ठरवलं, की जानेवारीतल्या रविवारी दोघांनी पाचगणीला जायचं, टाकी काठोकाठ भरून. काठोकाठ म्हणजे गाडी स्टँडवर सरळ उभी, पेट्रोल टाकीच्या गळ्यापर्यंत, आणि दर वेळी तसंच. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत भरलेल्या पेट्रोलवरून हिशोब करू नका.

सकाळी साडेसहाला कात्रजला टाकी भरली, लिटरमागे २० मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल). आपल्याकडे "थोडं जास्तच टाक, इंजिनला बरं" असं म्हणतात. त्याने इंजिनचं फार भलं होत नाही, सायलेन्सरमध्ये कार्बन मात्र साचतो. हमरस्त्याला थेट न लागता जुन्या कात्रज घाटाने, जुन्या बोगद्यातून शिंदेवाडीला उतरलो. चेतकसारख्या गाडीला हाच रस्ता बरा. येतानाही शिंदेवाडीला आत वळलात तर नवले पुलाचा तो अपघातांसाठी बदनाम उतार टळतो.

शिंदेवाडीपासून शिरवळपर्यंत मोबाइलच्या नकाशावरचं अंतर आणि गाडीचा मीटर ताडून पाहिला. नकाशावर १० किलोमीटर झाले की मीटर ९.६ दाखवायचा. पुढच्या चाकाकडून येणारी मीटरची केबल आणि तिथली गरारी झिजलेली. म्हणजे हरवलेल्या ॲव्हरेजमधला एक किलोमीटर हरवलेलाच नव्हता, नुसता मोजला जात नव्हता! गाडी उघडण्याआधी मीटर तपासा, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

खंबाटकी घाट दुसऱ्या गिअरवर रडतखडत चढलो. सुरूर फाट्याहून वाईत पोचलो आणि पंपावर पुन्हा काठोकाठ भरली. नकाशाप्रमाणे ८२ किलोमीटर, पेट्रोल २.६ लिटर. साडेएकतीस. ५० च्या वेगाने, मोकळ्या रस्त्यावर, शहराइतकंच! ट्रॅफिकचा दोष नाही हे इथेच कळलं. गाडीला काहीतरी सतत मागे ओढत होतं, किंवा ती सतत जास्त पीत होती. निघाल्या दोन्ही गोष्टी.

ढोल्या गणपतीला नमस्कार करून बाबा बाहेर आले आणि सवयीने चाकांना हात लावत फिरले. पुढचं ब्रेकचं ड्रम कोमट. मागच्याला बोट लावलं आणि "अरे भाजलं!" म्हणून हात झटकला. नदीच्या घाटावर एका लाकडी ठोकळ्यावर स्टँड टेकवून मागचं चाक अधांतरी केलं, न्यूट्रलला हाताने फिरवलं. अर्धा फेरा, आणि थांबलं. "ब्रेक टाइट केलेत" ते हे. ब्रेकचे लायनर ड्रमला घासत होते, आणि आम्ही वर्षभर ब्रेक दाबून गाडी चालवत होतो. केबलचा नट तीन आटे सैल केला, चाक मोकळं फिरायला लागलं. पेडल जरा खोल गेलं पण ब्रेक नीट लागत होता. घाट पुढे आहे, तेव्हा सैल केल्यावर तिथल्या तिथे दोन-चार वेळा ब्रेक मारून बघितल्याशिवाय निघू नका.

पसरणी घाट मग बराच सुखाचा गेला. पाचगणीच्या अलीकडे मात्र गाडी भकभक करायला लागली, मागे धूर. पुण्याची उंची साधारण ५६० मीटर, पाचगणी जवळपास १३०० वर. हवा सात-आठ टक्के विरळ होते, कार्बोरेटर मात्र पेट्रोल पूर्वीच्याच हिशोबाने सोडतो, त्यामुळे मिश्रण थोडं जड, म्हणजे जास्त पेट्रोलचं, होणारच. पण इतकं? प्लग काढला तर काळा आणि ओला. चहाच्या तपकिरी रंगाचा असायला हवा.

बाबा म्हणाले, "चोक ओढून बघ." चोक म्हणजे थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून मिश्रणात पेट्रोल वाढवणारं बटण. गरम इंजिनला चोक ओढला की गाडी गुदमरते, बंद पडते. आमच्या गाडीला काही फरकच पडला नाही, म्हणजे चोक आधीच ओढलेला होता. बटण आत गेलेलं दिसत होतं, पण केबल गंजून अडकलेली, आतली पिन परत बसतच नव्हती. बोटाने ढकलून बसवली, केबलमध्ये ऑइलचे थेंब सोडले. धूर थांबला. बाबांनी स्ट्रॉबेरी क्रीम मागवलं, पैसे मी दिले.

उतरताना एक सांभाळा. चेतकसारख्या टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून लांब उतार उतरलात तर पिस्टन कोरडा पडतो. मधूनमधून जरासा ॲक्सिलरेटर द्या. न्यूट्रलवर तर घाट उतरूच नका.

वाईत पुन्हा टाकी भरली, घाटातले किलोमीटर हिशोबात धरले नाहीत. खंबाटकीचा बोगदा, जुना कात्रज घाट, कात्रजचा तोच पंप. ८२ किलोमीटर, २.१ लिटर. ३९. अर्थात परतीला उतार जास्त आणि खंबाटकीची चढणही नाही, त्यामुळे हा आकडा थोडा फुगलेला आहे. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी ३७ आली, ती खरी.

राहिलेले दोन-तीन किलोमीटर शोधायला नाना पेठेत गेलो. एअर फिल्टर, चोकची नवी केबल, मीटरची केबल, पेट्रोलची नळी आणि फ्लोटची पिन (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी) आणली. जुन्या पिनेचं रबरी टोक फुगलेलं होतं. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, आणि पिन नीट बसली नाही की पेट्रोल रात्रभर ठिबकतं. तुमच्याकडे पार्किंगला सकाळी वास येत असेल तर आधी हे बघा, आणि रात्री पेट्रोलचा कॉक बंद करा. सायलेन्सरचा कार्बन अजून काढायचा आहे.

याच रस्त्याने जाणार असाल तर जास्तीचा प्लग, प्लगपाना, क्लच आणि गिअरच्या केबली सोबत घ्या, स्टेपनीत हवा भरून ठेवा. डबलसीट असाल तर मागच्या चाकात ३५ च्या आसपास हवा. पेट्रोल वाईतच भरा, आणि थंडीत सकाळी निघताना चोक वापरलात तर दोन मिनिटांनी तो खरंच आत बसलाय का ते हाताने बघा.

डायरीत बाबांनी त्या रविवारी फक्त एवढंच लिहिलंय: "पाचगणी. ब्रेक, चोक. ३९."